विश्वकर्म्याच्या दिवशी पाडलेलं माझं विमान

माझं विमान शत्रूने पाडलेलं आहे. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत टाकलं की वाढपी जिलबीचं ताट हातात धरून तसाच उभा राहतो. विमान दोनशे चाळीस ग्रॅमचं होतं आणि शत्रू एकाहत्तर वर्षांचा, लुंगी नेसलेला होता, हे मी मठ्ठा येईपर्यंत सांगत नाही. इथे मात्र सगळं खरं सांगणार आहे. म्हणजे ज्या आकड्यांची सरकारदरबारी नोंद आहे ते तंतोतंत. बाकीच्याला फोडणी माझी.

बँकेने मला कोलकात्याला पाठवलं. आम्ही घर घेतलं ते शहराच्या पार दक्षिणेला, गडियाच्याही पुढे, सियालदहला जाणाऱ्या गाड्यांची शिटी ऐकू येईल इतक्या अंतरावर. पहिल्याच वर्षी वाढदिवसाला बायकोने मला ड्रोन दिला. त्यामागे प्रेम होतंच, पण माणूस मान वर करून आकाशाकडे बघत असला की बोलत कमी असतो, हा तिचा अंदाजही होता. अंदाज चुकला, मी मान वर करूनही बोलतो.

ड्रोन माझा, पण नियम तिचे. सरकारी पुस्तिका तिने सत्यनारायणाच्या पोथीसारखी पहिल्या अध्यायापासून वाचली. नोंदणी केली, मोटारीला असतो तसा नंबर ड्रोनच्या पोटाला चिकटवला. मग सरकारचा नकाशा उघडला. त्यात हिरव्या भागात खुशाल उडवा, पिवळ्यात आधी विचारा, लाल भागात नावही काढू नका. लष्कराच्या फोर्ट विल्यमच्या भोवती तो नकाशा असा लाल, जणू कुणाच्या हातून कुंकवाचा करंडाच सांडलाय. हावडा पूल वरून टिपायचा माझा बेत तिथेच नदीत बुडाला. आमची आळी मात्र हिरवीगार होती. "आपल्या गच्चीवरून उडवा," ती म्हणाली, "आणि दुसऱ्याच्या गच्चीत डोकावू नका." यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं.

दुसऱ्याची गच्ची आमच्यापासून आठ फुटांवर होती. तिथे शत्रू राहायचा. म्हणजे तेव्हा तो मित्र होता. आयुष्यभर हुगळीवर लाँच चालवलेला माणूस. हावड्याच्या धक्क्यावरून माणसं भरायची, पलीकडच्या घाटावर उतरवायची, पुन्हा तेच. मी त्यांना मेशोमशाय म्हणायचो. इकडे मावशीच्या नवऱ्याला तसं म्हणतात आणि शेजारच्या म्हाताऱ्यालाही. ते मला मोराठीबाबू म्हणायचे.

त्या दिवसांत मेशोमशायांचा जीव एका कागदात अडकला होता. एकुलती एक मुलगी सातासमुद्रापलीकडे, पहिलं बाळंतपण कार्तिकात, आणि यांचा पासपोर्ट ट्रंकेत पडून कधीच शिळा झालेला. नव्यासाठी अर्ज गेला होता, पण पोलिसांचा अहवाल आमच्या ठाण्यातून जायचा बाकी होता. रोज संध्याकाळी कठड्यापाशी एकच प्रश्न: "मोराठीबाबू, पोलीस आला होता का? मी बाजारात असताना येऊन गेला नाही ना?" पोलीस यायचा आणि आपण नसायचो, या धास्तीने बिचाऱ्याने बाजारात जाणं सोडलं होतं. मासे आणायचं थांबलेला बंगाली माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

आता माझी चूक सांगतो. ती फक्त मराठी माणसालाच जमण्यासारखी होती.

आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा दसऱ्याला करतो. इकडे ती सप्टेंबरात, विश्वकर्म्याच्या पूजेला. हावड्याच्या कारखान्यांत त्या दिवशी लेथला झेंडूची माळ घालतात, रिक्षावाला रिक्षाला गंध लावतो. मी म्हटलं, आपल्याही घरात एक यंत्र आहे! ड्रोन पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, चारी पंख्यांवर अक्षता टाकल्या (त्यातली एक नंतर मोटरमध्ये सापडली) आणि शुभमुहूर्त म्हणून दुपारी चारला तो उडवायला गच्चीवर गेलो.

तिथे बघतो तर आकाश पतंगांनी भरलेलं. पतंग म्हणजे संक्रांत, थंडी, तिळगूळ. हे आपल्या हाडात बसलेलं. सप्टेंबरात, घामाच्या धारांत कुणी पतंग उडवतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कोलकात्यात विश्वकर्म्याचा दिवस म्हणजे आकाशातलं पानिपत असतं. काचेचा मांजा, गच्चीगच्चीवर फौजा, आणि पतंग कटला की "भो-काट्टा!" अशी आरोळी की कावळे डायमंड हार्बरपर्यंत पळतात. शहाण्या माणसाने ड्रोन खिशात घालून खाली जावं. मी म्हटलं, वा, एवढ्या गर्दीत आपलंही एक खपून जाईल!

आणि मी तो थेट मेशोमशायांच्या गच्चीवर नेला. वाईट हेतू नव्हता, शपथेवर सांगतो. त्यांच्या बोटांत मांजा असा सुटायचा की जणू तो त्यांच्या नसांतूनच निघतोय. ती बोटं मला जवळून टिपायची होती. म्हणून ड्रोन खाली आणला, आणखी खाली आणला, आणि त्यांच्या डोक्यावर टांगून ठेवला. गच्चीवर त्यांची बायको आणि तिच्या दोघी बहिणी चटईवर बसून मुडी, म्हणजे आपले कुरमुरे, खात होत्या. त्यांनी डोक्यावर पदर ओढले. मेशोमशायांनी हात हलवले. मीही प्रेमाने हात हलवला.

मग त्यांनी आपला काळा पतंग वळवला. मला वाटलं, सलामी देतायत. पतंगाने माझ्या ड्रोनभोवती एक शांत फेरी मारली, मग दुसरी. लाँच धक्क्याला लावताना दोर खुंटाला गुंडाळतात तशी. पुढच्या क्षणी चारी पंखे मांज्यात, आणि माझं विमान दगडासारखं खाली.

"भो-काट्टा!" चाळीस गच्च्या ओरडल्या. थाळ्या बडवल्या गेल्या. पडत्या ड्रोनवर पेरू आले, विटेचे तुकडे आले, एक गुलाबी चप्पल आली. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "पूर्वी घोड्यावरून यायचात, बर्गी! आता उडत येता होय?" मराठी स्वारांनी बंगालमध्ये केलेली लूट इथे अजून कालच झाल्यासारखी लक्षात आहे. दोन-तीन शतकांचा हिशोब त्या चपलेने चुकता झाला.

ड्रोन मेशोमशायांच्या टाकीवरच्या ताडपत्रीत पडला. त्यांनी तो उचलून कठड्यावरून माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "आज जे आकाशात येईल ते लढायला आलं असं धरतात, मोराठीबाबू."

मी काय म्हणावं? म्हणालो, "पोलिसांत भेटू!"

बायको जिन्यात आडवी आली. "अहो, त्यांचा पासपोर्ट अडकेल."

"विमान पाडताना आठवला नाही का पासपोर्ट?" असं म्हणून मी चपला घातल्या. रागात माणूस किती हलका होतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तिलाही. जिन्याच्या कोपऱ्यावरून मी वळलो तरी ती तिथेच उभी होती.

ठाण्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या साहेबाला इकडे मेजोबाबू म्हणतात. आमच्या ठाण्यात मेजोबाबू ही एक बाई होती. पस्तिशीची, चष्म्याची, आवाज देवघरातल्या घंटीएवढा. मी तिला पाऊण तास हकीकत सांगितली. माझ्या हकिकतीत ड्रोन आमच्याच टाकीवर स्थिर होता, पतंग दोनशे होते, हल्लेखोर पाचशे. शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "मॅडम, कायद्यात ड्रोनला मानवरहित विमान म्हटलंय. हा विमानावरचा हल्ला आहे!"

तिने मान हलवली. "बरोबर. कायद्यात तसंच आहे." आणि कपाटातून नियमांची छापील प्रत काढली. तिच्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या! माझ्या बायकोखेरीज ती पुस्तिका वाचलेली पृथ्वीतलावर ही दुसरी व्यक्ती.

"पण दादा," ती म्हणाली, "हे विमान असेल तर तुम्ही वैमानिक. मग वैमानिकाला विचारतात ते सगळं मी तुम्हाला विचारणार. खेळणं असेल तर तुम्ही गच्चीवर खेळत होता आणि त्यांनी खेळणं मोडलं. दोन्हीसाठी माझ्याकडे कलमं आहेत. मात्र त्यांच्यासाठी विमान आणि तुमच्यासाठी खेळणं, असं चालायचं नाही."

मी ताठ बसून म्हणालो, "विमान." वैमानिक व्हायची संधी कोण सोडतो?

"मग उड्डाणाची नोंद आणा. तुमच्या फोनात असते."

मी फोन खिशात आणखी खोल सरकवला. ती नोंद असते, हे मला माहीत होतं. ती मागणारा पोलीसही असतो, हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या आळीच्या क्लबाचे सेक्रेटरी आले. हे दुर्गापूजेचा मांडव घालणारे, म्हणजे इकडे यांचं वजन आमदाराहून दीड किलो जास्त. ते म्हणाले, "मॅडम, म्हातारा आमच्या आळीतला आहे, हे बाहेरचे. मिटवून टाका." मीही लगेच म्हणालो की माझी वर ओळख आहे, एक फोन यायचा अवकाश. तिने दोघांकडे एकाच नजरेने पाहिलं.

"क्लबाने मिटवा म्हटलं, याची नोंद करते. फोन आला तर त्याचीही करीन. आणि सेक्रेटरीबाबू, तुम्ही आलातच आहात तर सांगा, यांच्या हकिकतीतली गुलाबी चप्पल कुणाची? ड्रोन पडत असताना खाली गल्लीत लोक होते. विटेचा तुकडा कुणाच्या डोक्यात बसला असता तर?"

सेक्रेटरींना अचानक मांडवाचे बांबू आठवले.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता ती पंचनाम्याला आली. असा पंचनामा मी पुन्हा पाहिला नाही. बायकोने तोवर ड्रोनला नवे पंखे बसवून तो बरा केला होता. मेजोबाबूने माझ्या फोनातली नोंद वाचली आणि मग आमच्या जागा बदलल्या. मला मेशोमशायांच्या गच्चीवर त्यांच्या लाकडी स्टुलावर बसवलं. मेशोमशायांना आमच्या गच्चीवर बायकोशेजारी उभं केलं आणि रिमोटचा पडदा त्यांच्यासमोर धरायला लावला. "नोंदीत आहे तेवढ्याच उंचीवर," ती बायकोला म्हणाली. "चार मीटर. आणि तेवढाच वेळ. सहा मिनिटं दहा सेकंद."

सहा मिनिटं म्हणजे काय असतात हो? चहा गाळून होत नाही. पण डोक्यावर चार मीटरवर तो डोळा टांगलेला असला की सहा मिनिटांत माणूस म्हातारा होतो. गोगोगो असा तो आवाज, हजार डास एका सुरात. मी आधी पोट आत घेतलं. मग टकलावर हात ठेवला. मग नुसताच खाली बघत बसलो. समोर चटईवर मेशोमशायांची बायको बसली होती. तिने हळूच विचारलं, "लागतं का हो दादा?"  वेळ संपायला अजून चार मिनिटं होती.

मग मेजोबाबूने पंचनाम्याचा दुसरा भाग सुरू केला. एका हवालदाराच्या हाती पतंग दिला आणि ड्रोनच्या दिशेने सोडायला लावला. अगदी जवळ नाही, पण पडद्यावर दिसेल इतपत. मी इकडून बघत होतो. पडद्यावर काळा ठिपका मोठा होत गेला तसा मेशोमशायांचा चेहरा उतरत गेला. "फिरवा, फिरवा!" ते माझ्या बायकोला ओरडले. "अंगावर येतोय!" बायकोने ड्रोन अलगद उचलून घेतला. म्हातारा कठड्याला धरून उभा राहिला.

"इतकी वर्षं सुकाणू धरलं," ते मेजोबाबूला म्हणाले, "एका नावेला कधी घासलो नाही. काल मी दुसऱ्याची नाव बुडवली."

मेजोबाबूने टोपी काढून घाम पुसला. भाषण केलं नाही, ना त्यांना, ना मला. या बाईने लोकांना समजावलं असतं तर मी तिला चांगली अधिकारी म्हटलं असतं. तिने आम्हाला नुसतं एकमेकांच्या गच्चीवर उभं केलं, म्हणून मी तिच्या नावाने आजही हात जोडतो.

ठाण्यात परत आल्यावर तिने दोघांपुढे कोरे कागद ठेवले. "काय झालं ते लिहा. दुसऱ्याने काय केलं ते नको. स्वतःचं लिहा."

माझा पहिला मसुदा तीन पानांचा झाला. तिने तो वाचला, एकेक शब्द पेन्सिलीने खोडत गेली, आणि उरल्या अकरा ओळी. त्यात स्थिर ड्रोन नव्हता, पाचशे माणसं नव्हती. होतं ते एवढंच: शेजाऱ्याच्या गच्चीवर, त्याला न विचारता, घरातल्या बायका बसलेल्या असताना, चार मीटरवर, सहा मिनिटं दहा सेकंद. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं लिखाण. सही करायच्या आधी मी पेन खाली ठेवलं. "यावर मला दंड होऊ शकतो का?" मी विचारलं.

"होऊ शकतो," ती म्हणाली. खोटं सांगून धीर द्यायची तिला सवयच नव्हती.

मेशोमशायांनी लिहिलं: मुद्दाम पाडला, दोन फेऱ्या घालून, काय होतंय ते समजून. त्यांनी सबब म्हणून पूजेच्या दिवसाचं एक वाक्य शेवटी लिहिलं होतं. ते त्यांनी स्वतःच खोडलं.

मग मी म्हणालो, "मला केस करायची नाही."

"क्लबाने दबाव आणला?" नाही. "घरून?" घरून दबाव रोजच असतो, पण याबाबत नाही. "तुमच्या कागदाची भीती वाटली म्हणून?" इथे मी खरं सांगितलं, "थोडी. पण जास्त त्या स्टुलामुळे." तिने तेही लिहून घेतलं. मेशोमशायांना तसेच तीन प्रश्न विचारले, त्यांचीही तक्रार नव्हती. मग दोन्ही कागद घेऊन ती आत मोठ्या साहेबांकडे, बडोबाबूंकडे गेली. आम्ही बाकावर बसलो. मेशोमशायांनी खिशातून मुडीची पुडी काढली आणि आमच्यामध्ये ठेवली. तिला दोघांनीही हात लावला नाही.

ती बाहेर आली. दोघांना लेखी ताकीद. केस नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद मात्र कायमची.

"आणि माझा पासपोर्ट?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमचा अहवाल माझ्याकडेच आहे. आजच लिहिते."

"त्यात हे..."

"लिहिणार," ती म्हणाली.

आता मीच उभा राहिलो. "मॅडम, अहो, मिटलंय ना! एवढं वगळा. त्यांची मुलगी वाट बघतेय. मी हात जोडतो." ज्याची तक्रार मी पाऊण तास रंगवली होती त्याच्याच वतीने मी पोलिसांपुढे गयावया करत होतो. माझ्या सासऱ्यांनी हे दृश्य पाहिलं असतं तर मुलगी देताना आणखी विचार केला असता.

"दादा, आज यांच्यासाठी चांगली गोष्ट म्हणून वगळलं, तर उद्या कुणासाठी वाईट गोष्ट वगळावी लागेल," ती म्हणाली. "आणि लपवलेलं कुणी वर काढलं तर यांना विमानतळावर अडवतील. त्यापेक्षा इथेच खरं लिहिलेलं बरं."

ती लिहायला बसली. पंख्याचा वारा कागद उडवत होता, तिने त्यावर नियमांची ती प्रत ठेवली. मेशोमशाय बाकाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आयुष्यात पुष्कळ अहवाल पाहिलेत, कर्जांचे, तपासणीचे. पण एका कागदाकडे एवढा श्वास रोखून बघणारा माणूस पाहिला नव्हता.

लिहून झाल्यावर तिने तो आम्हाला वाचून दाखवला. अर्जदार या पत्त्यावर राहतो, हे खरं. विश्वकर्म्याच्या दिवशी पतंगाने शेजाऱ्याचा ड्रोन पाडला, हे खरं. त्याने ते स्वतः कबूल केलं, तक्रारदाराने स्वतःची चूक लेखी दिली, दोघांना ताकीद दिली, प्रकरण संपलं. अर्जदाराविरुद्ध कुठलाही खटला नाही. पासपोर्ट देण्यास या ठाण्याची हरकत नाही.

मेशोमशाय बाकावरून उठले. मग, इकडे लेकीसारख्या बाईला मा म्हणतात तसं, म्हणाले, "शेवटचं वाक्य, मा, ते पुन्हा वाचता का?"

ठाण्यात तिघे तक्रारदार ताटकळत होते, एक फोन वाजत होता. तिने चष्मा वर सरकवला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा सावकाश.